फुलवंतेची पाळ

फार वर्षांपूर्वी, झाडीपट्टीत अजून रस्ते नव्हते, बैलगाडीच्या चाकोऱ्या तेवढ्या होत्या, आणि गावोगावी सारा वसूल करणारे मालगुजार पाटील नांदत होते, त्या काळची ही गोष्ट. माहुरटोल्याचे लोक ती एकमेकांना सांगत आले आहेत. सांगता सांगता ती थोडी वाढली असेल, पण आटली मात्र नाही.

माहुरटोला टेकडीच्या उतारावर वसलेलं. टेकडीवरून पावसाचं पाणी धावत खाली यायचं, ते अडवायला कुणा जुन्या माणसानं मातीची लांबलचक पाळ घातली होती. वरून बैलगाडी जावी एवढी ती रुंद होती, आणि खाली उभं राहून माथा बघायला गेलं तर डोक्याचं पागोटं पडावं एवढी उंच. पाळीला अडून जे पाणी साठे त्याला म्हणत बोडी. बोडी गावाची नव्हती की सरकारची नव्हती. ती एका घराची होती, सोमाजी पाटलाच्या घरची. पाणी मात्र सगळ्यांच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, जायचं.

बोडीतून पाणी बाहेर पडायला दोन वाटा होत्या. एक तुडूम. ती पाळीच्या पोटातून काढलेली मोरी. तिचा लाकडी दट्ट्या उचलला की शेतांना पाणी सुटे. दुसरी वाट सांडव्याची. पाळीच्या टोकाला जमीन मुद्दाम सखल ठेवलेली होती, की बोडी काठोकाठ भरली तर जास्तीचं पाणी पाळीवर न चढता तिथून आपणहून निघून जावं. तिथून पुढं एक जुना पाट दूरच्या ओढ्याला जाऊन मिळत असे.

आणि पाळीच्या खाली, नाल्याच्या वळणावर, धिवरांची टोली, म्हणजे वस्ती, होती. ते लोक डोंगे चालवत, जाळी विणत, मासे धरत. त्यांच्या कितीतरी पिढ्या पाळीच्या सावलीत गेल्या होत्या. पाळीकडे मान वर करून बघायचं त्यांना सुचतही नसे, जसं आपल्याला घराच्या आढ्याकडे बघायचं सुचत नाही.

सोमाजीच्या बायकोचं नाव फुलवंता. तिचं माहेरही अशाच एका बोडीकाठचं. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पाळीवर चालायला गेली, आणि त्यानंतर सणवार नाही, आजारपण नाही, तिनं चालणं चुकवलं नाही. पोटी लेकरू झालंच नाही, म्हणून गावच्या बायका म्हणत, फुलवंतेला पाळ हेच लेकरू. ती अनवाणी चालायची. माती कुठं भुसभुशीत झाली, कुठं खचली, कुठं ओल धरते, हे तिच्या तळव्यांना कळे. खेकड्यानं बीळ केलं की ती तिथं बसायची, मातीवर बोटानं टकटक करायची आणि म्हणायची, "बाबा, दुसरीकडं घर बघ. इथं माझं काम आहे." आणि खेकडा आपली नांगी सावरत निमूट बाहेर पडायचा, असं म्हणतात. मग ती बिळात चिकणमाती ठासून भरायची आणि टाचेनं दाबून टाकायची.

सोमाजी पाटील मनानं मोकळा आणि हातानं कष्टाळू होता. त्याला एकच हौस, पडीक जागेत धान उभं करायची. सांडव्यावरून पाणी वाहायचं ते वर्षाआड कधीतरी. पुढचा पाट एरवी कोरडा. त्यात गाळाची माती साचून काळीभोर झाली होती. सोमाजीच्या डोळ्यांत ती माती भरली. त्यानं पाट बुजवून सपाट केला, भोवती भक्कम धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातला आणि तिथं धान रोवलं. धान असं आलं, की वाऱ्यावर हललं तर वास घरापर्यंत यायचा. गावात त्या शेताला सोमाजीची बांधी म्हणू लागले.

ती बांधी त्यानं फार दिवस भोगली नाही. एका पावसाळ्यात ताप आला आणि सोमाजी गेला. बोडी, पाळ, शेतं, सगळं फुलवंतेकडं आलं. धाकटा दीर आडकू शेती बघायचा. पण सोमाजीच्या बांधीत रोवणा करायला फुलवंता स्वतः उतरायची. चिखलात पाय रुतले, की नवरा पुढच्या ओळीत वाकून रोप लावतो आहे असं तिला वाटायचं. ती हे कुणाला बोलली नाही. पण त्या बांधीतून ती शेवटी निघायची, सगळ्या बायका पाय धुऊन घरी गेल्यावर.

सोमाजी होता तेव्हा पाळीची मागची बाजू, टोलीकडची, तो साफ ठेवायचा. तो गेल्यावर त्या बाजूला कुणी फिरकेना. फुलवंता वरून चालायची. खाली उतरणीवर सिंदी आणि बोरीची झुडपं माजली. तिथंच मधोमध एक जुनं मोहाचं झाड होतं. ते आधीच वाळत चाललं होतं. फुलं येत तोवर त्याला कुणी हात लावला नाही. मग एका उन्हाळ्यात ते पार वाळलं, लोकांनी जळणाला तोडून नेलं. बुंधा आणि मुळं पाळीच्या पोटात राहिली. ती तिथं कुजत होती, आणि वरून काही दिसत नव्हतं.

त्यानंतरचं साल कोरडं गेलं. बोडीचा तळ उघडा पडला, त्याला तडे गेले, आणि टोलीच्या डोंग्यांनी काठावर ऊन खाल्लं. पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला. धान रोवून झालं, बोडी भरत आली, सांडव्यावरून पाण्याची पहिली झुळझुळ सुरू झाली. तेव्हा गावचे शेतकरी आडकूला पुढं घालून फुलवंतेच्या ओसरीवर आले.

आडकू म्हणाला, "वैनी, सांडव्यावरून पाणी वाया जाऊन राहिलं. तिथं मातीचा आडवा घालू. हातभर पाणी जास्त मावेल. मागच्या सालासारखं शेवटच्या पाण्याला धान तरसणार नाही."

फुलवंता म्हणाली, "सांडवा आजवर कोणी बांधला नाही."

"आजवर असं सालही कोणी पाहिलं नाही," एक जण म्हणाला. तो उद्धट नव्हता. त्याच्या घरी गेल्या वर्षी दाणा आला नव्हता, आणि ते त्याच्या गालांवर दिसत होतं.

फुलवंतेनं त्या गालांकडं पाहिलं. तिच्या मनात नव्हतं, पण तोंडातून हो गेलं.

मग सांडव्यावर फांद्या आणि चिकणमातीचा आडवा पडला. पाणी थांबलं आणि बोडी चढू लागली. तिथवर ती कधी चढली नव्हती. लोक संध्याकाळी पाळीवर येऊन पाण्याकडं बघत बसत आणि समाधानानं घरी जात. फुलवंता रोज चालायची तशी चालत होती. माथ्यावरची माती कोरडी होती, घट्ट होती. तळव्यांना काही लागत नव्हतं. तरी चालून झाल्यावर ती आडव्यापाशी थांबायची, आणि आज काढायला सांगावा असं तिला वाटायचं. मग लोकांचे चेहरे आठवायचे आणि ती घरी यायची.

पुढं उत्तरा नक्षत्रात झड लागली. ऊन नाही, उघडीप नाही, कौलांवरून धार तुटेना. टेकडीचे सगळे ओहोळ बोडीत उतरले. मग एका सकाळी पाऊस थांबला, ढग फाटले आणि लख्ख ऊन पडलं. सगळं गाव कपडे वाळत घालायला बाहेर आलं.

त्या उन्हात टोलीचा झिबल पाटलिणीच्या अंगणात येऊन उभा राहिला. झिबल धिवर म्हणजे टोलीतला कर्ता माणूस, मोजकं बोलणारा. त्याच्या हातात तांब्या होता. तो पाटलाच्या अंगणात सहसा येत नसे.

"पाटलीणबाई," तो म्हणाला, "पाळीच्या पायथ्याला एक झरा फुटला आहे. दिसून चार दिवस झाले. चांगलं नितळ पाणी होतं, बाया भांडी घासत होत्या. आज सकाळपासून असं येऊन राहिलं जी."

त्यानं तांब्या पुढं केला. फुलवंतेनं आत पाहिलं. पाणी तांबूस होतं, आणि तळाशी बोटभर गाळ बसला होता. तिनं तो चिमटीत घेऊन चोळला. रोज तळव्याखाली येणारी माती तिला बोटांनी लगेच ओळखू आली.

नितळ पाणी पाळीतून पाझरतं, ते पाळीला घाम येतो तसं. पण गढूळ पाणी म्हणजे पाळ आतून खाल्ली जाते आहे. आत पोकळ वाट पडते, रुंद होत जाते, आणि मग एका घटकेत सगळी बोडी तिथून बाहेर पडते. आणि बाहेर पडल्यावर पहिली लागते ती टोली.

तिनं झिबलला विचारलं, "टोलीत कोण कोण आहे आता?"

"सगळेच आहेत जी. पावसानं कोणी बाहेर गेलं नाही."

"आधी माणसं वर आण. म्हातारेकोतारे, लेकरं, गुरं. भांडीकुंडी राहू दे. माझ्या गोठ्यात, ओसरीत, जिथं मावतील तिथं बसव. मग तू पाळीखाली ये."

झिबल वळला आणि झपाझप उतरून गेला.

फुलवंता आडकूला घेऊन पाळीमागं उतरली. झुडपं तोडत वाट काढावी लागली. मोहाच्या बुंध्याच्या जरा खाली, जमिनीला लागून, मनगटाएवढ्या भोकातून पाणी उसळत होतं, तांबडं. फुलवंता तिथंच उकिडवी बसली. इतकी वर्षं ती या पाळीवर चालली होती, आणि पाळीनं आपलं दुखणं तिला न सांगता खालच्यांना सांगितलं होतं. ती म्हणाली, "मी वरूनच बघत राहिले."

आडकूनं चिकणमातीचा मोठा गोळा केला आणि भोकात दाबला. पाणी थांबलं. मग बाजूला हातभर अंतरावर माती हलली आणि तिथून दुप्पट जोरानं धार आली. गोळाही वाहून गेला.

फुलवंतेनं त्याचा हात धरला. "पाण्याला अडवू नको. त्याला जाऊ दे. माती तेवढी अडव."

आपण पिण्याचं पाणी फडक्यातून गाळतो, पाणी खाली उतरतं, माती फडक्यात राहते. तिला तेच सुचलं होतं. तिनं आडकूला नाल्यातली जाडी रेती आणायला सांगितली, मग खडे, मग गोटे. तोवर टोलीचे तरुण आले, वरून गावकरी आले. टोपल्या हातोहात फिरू लागल्या. भोकावर आधी रेती पडली, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर गोटे. पाणी रेतीतून वाट काढत येतच होतं, पण रंग फिका होत होता.

इथं लोक एक गोष्ट सांगतात. फुलवंतेनं रेतीखाली आपलं लग्नातलं हिरवं लुगडं अंथरलं, आणि लुगड्यातून आलेलं पाणी इतकं नितळ झालं की त्यात तिचा चेहरा दिसला, आणि तो चेहरा नव्या नवरीचा होता, असं म्हणतात. काही जण म्हणतात, लुगडं कसलं, गोणपाट होतं. पण लुगड्याची गोष्ट जास्त घरांत सांगतात.

पाणी फिकं झालं तरी फुलवंतेला ठाऊक होतं, एवढ्यानं भागणार नाही. बोडीचा भार पाळीवर आहे तोवर पाणी दुसरी वाट शोधणार. बोडी उतरवायला हवी होती, आणि आजच. तुडूमाचा दट्ट्या उचलला, पण ती मोरी लहान. राहिला सांडवा. आडवा फोडला की पाणी जोरानं सुटलं असतं. पण सुटून गेलं कुठं असतं? पुढं जुना पाट नव्हता. पुढं सोमाजीची बांधी होती, आणि तिचा तो भक्कम धुरा. धुऱ्याला अडून पाणी वळलं असतं ते पाळीच्या पायथ्यानं, नेमकं जिथं पाळ दुखत होती तिकडं, आणि तिथून टोलीवर.

सगळे सांडव्यापाशी येऊन थांबले. बांधीत धान छातीला लागत होतं.

आडकू हलक्या आवाजात म्हणाला, "वैनी, धान पोटरीत आलं आहे, आता लोंब्या फुटतील. दादानं केलेली बांधी आहे."

"माहीत आहे."

"एकदा माती धुपली तर ही बांधी परत होणार नाही."

"तेही माहीत आहे, आडकू."

ज्याच्या घरी दाणा आला नव्हता तो शेतकरीही तिथं होता. त्यानं विचारलं, "पाटलीणबाई, बोडी रिकामी झाली तर आमच्या धानाला शेवटचं पाणी कुठून?"

फुलवंता म्हणाली, "कमी पडेल. त्याला मी नाही म्हणत नाही. माझ्या ढोलीत साठवलेलं जे धान आहे ते सगळ्यांत वाटून खाऊ. पण आज हे पाणी मी ठेवून घेतलं, तर खाली झिबलच्या घरात चूल राहणार नाही."

त्या माणसानं डोक्याला फडकं बांधलं आणि हात पुढं केला, कुदळ मागायला. फुलवंतेनं त्याला थांबवलं. ती बांधीत उतरली. धानातून चालत पलीकडच्या धुऱ्यापर्यंत गेली. तिथं ती थोडा वेळ उभी राहिली, तिच्या हाताला धानाच्या पोटऱ्या लागत होत्या, अजून मिटलेल्या. ती काय बोलली कुणाला ऐकू गेलं नाही. मग पहिली कुदळ तिनं मारली.

नंतर सगळ्यांनी मिळून धुरा फोडला, आणि तो पुरेसा मोकळा झाल्यावर सांडव्यावरचा आडवा काढला. पाणी आलं. ते गर्जत येईल असं वाटलं होतं, पण ते गाय गोठ्याकडं जाते तसं, आपली वाट ठाऊक असल्यासारखं आलं. बांधीतलं धान दोन्हीकडं आपणहून वाकलं, मधोमध भांग पडला आणि पाणी त्या भांगातून जुन्या पाटानं दूरच्या ओढ्याकडं गेलं, असं म्हणतात.

दुपार झाली. फुलवंता पुन्हा पाळीखाली झऱ्यापाशी जाऊन बसली. झिबल म्हणाला, "आता वर चला जी. काही झालं तर पळायला सापडणार नाही. आम्ही बघतो."

"तुम्ही जन्मभर बसलात इथं," ती म्हणाली. "बोडी माझी आहे. आज मला बसू दे."

झिबलही थोडा अलीकडं गोट्यावर बसला. ती ओंजळीत पाणी घ्यायची, बघायची, सोडून द्यायची. रेती खचली की ते दोघं टोपली ओतायचे. एक हात तिनं पाळीच्या उतारावर ठेवला होता, म्हाताऱ्या गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. पाळ तेव्हा श्वास घेत होती, आणि तिच्या हाताखाली तो श्वास हळूहळू संथ झाला, असं म्हणतात. ऊन कलायच्या सुमारास ओंजळीतलं पाणी नितळ होतं. वर आडकूनं हाक दिली, की बोडी पातळी बघायच्या खुणेच्या दगडाखाली उतरली. फुलवंतेनं ते नितळ पाणी तोंडावर मारलं आणि तशीच बसून राहिली. तोंड ओलं होतं, त्यामुळं ती रडत होती की नाही हे झिबललाही सांगता आलं नाही.

पाळ टिकली. टोलीतली एकही भिंत पडली नाही.

त्या वर्षी वरच्या शेतांना पाणी कमी पडलं आणि धान अर्धंच पिकलं. फुलवंतेनं बोलल्याप्रमाणे आपली ढोली उघडली. त्या ढोलीतून सगळ्या गावानं खाल्लं, तरी होळीपर्यंत तळ लागला नाही, असं म्हणतात. आणि टोलीनं माघारी काय दिलं? उतरलेल्या बोडीत मासा इतका दाट झाला होता, की झिबलच्या माणसांनी सबंध हिवाळाभर माहुरटोल्याच्या प्रत्येक घराच्या ओसरीवर सकाळी मासे ठेवले. कोण ठेवून जातं हे कुणी विचारलं नाही.

उन्हाळ्यात बोडी आटली तेव्हा पाळ उकरायचं काम निघालं. मोहाचा बुंधा काढला, त्याची कुजलेली मुळं शोधत शोधत आत गेले. एक मूळ थेट पाण्याच्या बाजूपर्यंत पोचलं होतं, आतून पोकळ, बासरीसारखं. ते सगळं उपसून काढलं, चिकणमाती थरावर थर घातली, आणि प्रत्येक थरावर हेले, म्हणजे रेडे, फिरवून ती तुडवून घेतली. झुडपं मुळासकट काढली. सोमाजीच्या बांधीत फुलवंतेनं पुन्हा धान लावू दिलं नाही. धूप होऊ नये म्हणून पाटात गोटे बसवले. दर वर्षी रोवण्याच्या दिवसांत ती त्या गोट्यांवर जाऊन बसायची, काम काही नसायचं, नुसती बसायची.

पावसाळा तोंडावर आला. तुडूम बंद करून पाणी साठवायला सुरुवात करायची वेळ झाली. आडकू म्हणाला, "वैनी, दट्ट्या बसवू?"

फुलवंता म्हणाली, "थांब." आणि ती उतरून टोलीत गेली. पाटलाच्या घरची बाई टोलीत पायी आलेली कुणी पाहिली नव्हती. बायांनी घोंगडी अंथरली. ती बसली नाही. झिबलच्या दारात उभं राहून तिनं विचारलं, "झिबल, यंदा पाणी अडवू का?"

झिबलला प्रश्नच कळेना. "बोडी तुमची आहे जी. मला काय विचारता?"

"बोडी माझी आहे. तिच्याखाली निजता तुम्ही."

झिबल म्हणाला, "मग आधी बघावं लागेल." तो आणि त्याची म्हातारी आई काठी टेकत पाळीमागं गेले, पायथा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, एका ठिकाणी उंदराचं बीळ दाखवलं. ते बुजवलं. मग म्हातारी म्हणाली, "अडवा."

पुढची सगळी वर्षं असंच चाललं. फुलवंता खूप म्हातारी होऊन गेली, आपल्या घरात, आपल्या माणसांत. तिला खांदा द्यायला टोली आली आणि गावानं तो देऊ दिला. तिची तिरडी सरळ मसणवटीत नेली नाही, आधी पाळीवरून नेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या दिवशी पाळीवरचे सगळे खेकडे बिळांतून बाहेर येऊन दोन्ही कडांना बसले होते, असं म्हणतात. आणि असंही म्हणतात, की अजून कधी कधी पहाटे, पाऊस नसताना, दव नसताना, कोरड्या पाळीवर ओल्या पावलांची रांग दिसते. ती जिथं थांबलेली असते तिथं खणून बघतात. तिथं हमखास काहीतरी निघतं, बीळ, नाही तर भेग.

आता मालगुजारी गेली. माहुरटोल्यात मोठा रस्ता आला, घरं सिमेंटची झाली. बोडी आडकूच्या वंशजांकडं आहे. पण रोहिणी लागल्या की अजून गाव आणि टोली मिळून पाळीवर जमतात. झुडपं काढतात, बिळं भरतात. घरटी एक टोपली माती पाळीवर पडते. नोकरीला शहरात गेलेले त्या दिवसापुरते येतात, आणि ज्यांना येता येत नाही त्यांची टोपली शेजारी टाकतात. त्या मातीला फुलवंतेची माती म्हणतात. पाळीवर झाड वाढू देत नाहीत. सांडव्याच्या पाटात कुणी पेरत नाही, गुरं बांधत नाही, आणि त्या काळ्याभोर जमिनीबद्दल कुणी हळहळत नाही.

काम झालं की बोडीचा मालक पायात काही न घालता टोलीत जातो. टोलीतल्या वयानं सगळ्यात थोर माणसाला विचारतो, "यंदा पाणी अडवू का?" आसपासच्या गावांतही आता पुष्कळ जणांच्या खाजगी बोड्या आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींनी ही रीत उचलली आहे. नवी बोडी बांधली की ते आधी पाळीखालच्या घरांत जाऊन येतात.

बहुतेक वर्षी उत्तर एकच येतं. पण एका वर्षी, फार जुनी गोष्ट नाही ही, टोलीतली मंजुळाबाई पाळीमागं गेली, पायथ्याला हात लावून आली आणि म्हणाली, "अजून नाही."

मालक शिकलेला, तरुण. ढग भरून आले होते, शेतं वाट बघत होती. सगळे त्याच्या तोंडाकडं पाहत होते. त्यानं कुठं ते विचारलं. तिनं जागा दाखवली. त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, टोपली उचलली आणि मातीच्या ढिगाकडं चालू लागला. मागोमाग बाकीचे निघाले.

त्या वर्षी दट्ट्या उशिरा बसला.